संगणकाचे ‘शेल’ : नित्याच्या अडचणी आणि त्यांचे निराकरण

शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांच्या कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. टेबलावरील संगणक बहुधा चित्रांच्या व खिडक्यांच्या साहाय्याने चालणारा असतो. परंतु ज्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, माहितीचा साठा होतो, तो पुष्कळदा लिनक्स प्रणालीवर चालतो. तेथे चित्रांऐवजी अक्षरांनी आज्ञा द्यावी लागते. ही आज्ञा स्वीकारून तिचा अर्थ लावणाऱ्या आणि संगणकाच्या अंतर्भागाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीस ‘शेल’, म्हणजे कवच, असे नाव आहे.

छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांचे विभागीय मुख्यालय. १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, त्याच्या परिसरातील ‘नायलिट’ ही केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्था आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे या शहरात संगणकशिक्षणाची परंपरा रुजली आहे. येथून शिकून बाहेर पडलेले तरुण तालुक्याच्या कार्यालयांत व शाळांत कामाला लागतात. काम सुलभ व्हावे म्हणून ते आपापले शेल आपल्या सोयीप्रमाणे घडवितात. हे शेल बिघडते तेव्हा मात्र अडचण त्या एका व्यक्तीपुरती राहत नाही. यादी अडते, अहवाल थांबतो आणि नागरिकाला दुसऱ्यांदा हेलपाटा घालावा लागतो. म्हणूनच या अडचणींची कारणे समजून घेणे केवळ तंत्रज्ञांच्याच नव्हे, तर त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्यांच्याही हिताचे आहे.

आज्ञा संगणकावर रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात. या लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

थोडी पूर्वपीठिका

‘शेल’ हा शब्द या अर्थाने प्रथम योजला तो लुई पुझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने, १९६० ते १९७० या दशकाच्या मध्यास. त्याने लिहिलेल्या ‘रनकॉम’ या आज्ञावलीच्या नावातूनच आजच्या प्रारंभ-फाईलींच्या नावामागे लागणारी ‘आरसी’ ही दोन अक्षरे आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीसाठी स्टीफन बोर्न याने लिहिलेले शेल १९७९ मध्ये प्रसृत झाले. त्याचाच वारसा सांगणारे ‘बॅश’ हे शेल ब्रायन फॉक्स याने १९८९ मध्ये तयार केले, तर पुढील वर्षी पॉल फाल्स्टॅड याने ‘झी-शेल’ लिहिले. लिनक्सच्या बहुसंख्य संगणकांवर आज बॅश असते. ॲपल कंपनीने २०१९ पासून आपल्या संगणकांवर झी-शेल हे मूळ शेल म्हणून दिले आहे.

भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली प्रसृत केली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. त्यामुळे शेलचे ज्ञान शासकीय कामकाजाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले आहे.

पहिली अडचण : केलेला बदल लागू होत नाही

शेल घडविणे याचा अर्थ एका साध्या मजकुराच्या फाईलीत काही ओळी लिहिणे. शेल सुरू होताना ती फाईल वाचते आणि त्याप्रमाणे वागते. नवशिक्याची पहिली तक्रार अशी असते, की ओळ लिहिली, फाईल जतन केली, पण फरक पडला नाही. याची कारणे प्रायः तीन असतात.

पहिले कारण असे, की आधीच चालू असलेले शेल ती फाईल पुन्हा आपण होऊन वाचत नाही. ‘सोर्स’ ही आज्ञा देऊन ती वाचावयास लावावी, अथवा नवी खिडकी उघडावी. दुसरे कारण म्हणजे चुकीची फाईल. बॅश ‘.बॅशआरसी’ वाचते, झी-शेल ‘.झेडएसएचआरसी’ वाचते, एकाची ओळ दुसऱ्याच्या फाईलीत लिहून उपयोग नाही. म्हणून ‘एको $०’ ही आज्ञा देऊन आपण नेमक्या कोणत्या शेलमध्ये आहोत, हे प्रथम पाहावे.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. बॅश प्रवेशाच्या वेळी, म्हणजे लॉगिन करताना, एक फाईल वाचते आणि नंतर उघडलेल्या साध्या खिडकीत दुसरी. प्रवेशाच्या वेळी ती वैयक्तिक फाईलींपैकी ‘.बॅश_प्रोफाईल’, ‘.बॅश_लॉगिन’ व ‘.प्रोफाईल’ या क्रमाने शोध घेते आणि जी प्रथम सापडेल तेवढीच वाचते. एखाद्या नव्या आज्ञावलीने ‘.बॅश_प्रोफाईल’ निर्माण केली, तर वर्षानुवर्षे चाललेली ‘.प्रोफाईल’ त्या दिवसापासून दुर्लक्षित होते. काल चालत होते व आज चालत नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे सापडते. प्रवेशाच्या फाईलीतून ‘.बॅशआरसी’ वाचण्याची सूचना देणे हा यावरील रूढ उपाय होय.

दुसरी अडचण : ‘कमांड नॉट फाउंड’

आज्ञा दिली म्हणजे शेल ती कोठे आहे हे शोधते. शोधाच्या जागांची यादी ‘पाथ’ नावाच्या चलात असते व दोन जागांमध्ये अपूर्णविराम (:) असतो. नवी जागा जोडताना जुनी यादी पुढे चालू ठेवावयाची असते. ‘$पाथ’ हा शब्द लिहावयाचा राहिला, तर जुनी यादी पुसली जाऊन केवळ नवी जागा उरते. मग ‘एलएस’सारखी साधी आज्ञाही सापडत नाही.

अशा वेळी घाबरून संगणक बंद करण्याचे कारण नाही. आज्ञा नाहीशी झालेली नसते, तिचा पत्ता हरवलेला असतो. तिचा पूर्ण पत्ता दिल्यास ती चालते. त्याच खिडकीत ‘पाथ’ला तात्पुरते योग्य मूल्य देऊन संपादक उघडावा व चुकीची ओळ दुरुस्त करावी. चालू फोल्डरचे चिन्ह असलेले टिंब ‘पाथ’च्या आरंभी कदापि ठेवू नये; तसे केल्यास कोणीही एखाद्या फोल्डरात ओळखीच्या नावाची घातक फाईल ठेवून ती आपल्याकडून चालवून घेऊ शकतो.

तिसरी अडचण : टोपणनावांचा मोह

लांब आज्ञेला ‘एलियास’ने लहान टोपणनाव देता येते. ही सोय चांगली असली तरी तिला मर्यादा आहेत. बॅशमध्ये टोपणनाव हे समोर बसून दिलेल्या आज्ञेपुरतेच असते. फाईलीत लिहून ठेवलेल्या आज्ञावलीत, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, ते सामान्यतः लागू होत नाही.

याहून गंभीर गोष्ट सवयीची आहे. फाईल नष्ट करणाऱ्या ‘आरएम’ या आज्ञेला अनेक जण असे टोपणनाव देतात, की ती प्रत्येक वेळी ‘खरोखर नष्ट करावयाची काय?’ असे विचारते. पुढे हाताला त्या प्रश्नाची सवय होते. तोच कर्मचारी दुसऱ्या संगणकावर बसला, की तेथे प्रश्न विचारला जात नाही आणि फाईल क्षणात नष्ट होते. लिनक्सच्या आज्ञापटावर नष्ट केलेली फाईल कचरापेटीत जात नाही. म्हणून सुरक्षिततेचे टोपणनाव मूळ आज्ञेच्या नावाने न देता स्वतंत्र नावाने द्यावे. एखादे नाव मूळ आज्ञा आहे की टोपणनाव, हे ‘टाइप’ ही आज्ञा सांगते. नावापूर्वी उलटी तिरकी रेघ दिल्यास टोपणनाव टाळले जाते.

चौथी अडचण : नावातील रिकामी जागा

छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयांना हा मुद्दा विशेष जवळचा वाटेल. २०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव बदलले. ‘औरंगाबाद’ हा एक शब्द होता. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे दोन शब्द असून त्यांच्यामध्ये रिकामी जागा आहे. माणसाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे. शेलच्या दृष्टीने मात्र रिकामी जागा ही दोन वस्तू वेगळ्या करणारी खूण होय.

समजा, जिल्ह्याच्या नावाचे एक फोल्डर आहे व स्क्रिप्टमध्ये ते नाव एका चलात ठेवले आहे. चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे दिलेली नसतील, तर बॅश त्या नावाचे दोन तुकडे करते आणि ‘छत्रपती’ व ‘संभाजीनगर’ अशी दोन फोल्डरे शोधू लागते. स्क्रिप्ट यादी छापणारी असेल, तर फार तर चुकीचा संदेश मिळेल. ती जुन्या फाईली नष्ट करणारी असेल आणि योगायोगाने यांपैकी एका नावाचे फोल्डर तेथे असेल, तर भलतीच माहिती नष्ट होईल. एका शब्दाच्या नावावर वर्षानुवर्षे निर्वेध चाललेल्या स्क्रिप्टमधील हा दोष नाव बदलेपर्यंत झाकलेला राहतो.

येथे आणखी एक खोच आहे. झी-शेल मूळ स्थितीत अशा चलाचे तुकडे करीत नाही. त्यामुळे झी-शेलमध्ये तपासून पाहिलेल्या ओळी बॅशच्या संगणकावर जाताच फसू शकतात. प्रत्येक चल दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवणे हाच यावरील राजमार्ग. तसेच स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -यू’ लिहावे. ज्या चलाला मूल्यच दिलेले नाही, ते वापरण्याचा प्रयत्न झाल्यास मग काम तेथेच थांबते. अन्यथा फोल्डराच्या नावाच्या जागी काहीच उरत नाही, आणि ‘या फोल्डरातील सर्व काही नष्ट करा’ या आज्ञेचा अर्थ ‘संगणकातील सर्व काही नष्ट करा’ असा होऊ शकतो.

पाचवी अडचण : देवनागरी अक्षरे

आज्ञापटावर मराठीऐवजी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसणे ही सार्वत्रिक तक्रार आहे. चौकोन दिसत असतील तर बहुधा देवनागरी अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, बसविलेला नसतो. प्रश्नचिन्हे अथवा उलटतिरप्या आकड्यांचा मजकूर दिसत असेल, तर भाषाव्यवस्था तपासावी. ‘लोकेल’ ही आज्ञा चालू व्यवस्था दाखविते. तिच्यात ‘यूटीएफ-८’ हा उल्लेख असणे आवश्यक आहे. मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत असतील, तर तो युनिकोडपूर्व काळातील एखाद्या फॉन्टमध्ये टंकित झालेला असण्याचा संभव असतो. तो रूपांतरित करूनच घ्यावा लागतो. शेलच्या व्यवस्थेत बदल करून तो वाचता येत नाही.

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. ‘औरंगाबाद’ या नावाला २४ बाइट लागत. ‘छत्रपती संभाजीनगर’ला रिकाम्या जागेसह ४९ लागतात. लिनक्सच्या प्रचलित फाईल-व्यवस्थेत नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट असल्याने ८५ चिन्हांहून मोठे देवनागरी नाव ठेवता येत नाही. पत्राचा संपूर्ण विषयच फाईलीचे नाव म्हणून देण्याची पद्धत येथे अंगाशी येते.

मराठीचे एक खास वैशिष्ट्यही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शेलच्या लेखी ती दोन निराळी नावे होत. म्हणूनच यादी समोर दिसत असूनही शोधात सापडत नाही. अशा वेळी ‘ओडी’ या आज्ञेने नावातील प्रत्यक्ष बाइट पाहावेत, आणि कार्यालयात सर्वांनी इनस्क्रिप्टसारखा एकच कळफलक व लेखनाची एकच पद्धत वापरावी.

सहावी अडचण : ऑगस्ट-सप्टेंबरचा दोष

महिन्याचा क्रमांक घेऊन गणित करणारी एखादी स्क्रिप्ट जानेवारी ते जुलै व्यवस्थित चालते, ऑगस्टमध्ये बंद पडते आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप बरी होते. यात गूढ काही नाही. बॅशच्या गणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. त्या पद्धतीत ० ते ७ हेच अंक असतात. म्हणून ०१ ते ०७ चालतात, ०८ व ०९ चालत नाहीत आणि १० पासून आरंभी शून्य नसल्याने प्रश्न मिटतो. संख्येपूर्वी ‘१०#’ असे लिहून ती दशमान असल्याचे सांगितले, की दोष दूर होतो. देवनागरी अंक दिल्यास मात्र शेलचे गणित चालत नाही, ही गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी.

सातवी अडचण : हाताने चालते, रात्री चालत नाही

रोज रात्री ठरावीक वेळी काम करवून घेण्यासाठी ‘क्रॉन’ ही व्यवस्था वापरतात. ती कर्मचाऱ्याने घडविलेले शेल वापरीत नाही. ‘.बॅशआरसी’ वाचली जात नाही, ‘पाथ’ अत्यंत लहान असतो आणि काम साध्या ‘एसएच’ शेलकडे जाते. डेबियनवर आधारित प्रणालींत हे साधे शेल बॅश नसून ‘डॅश’ असते व बॅशच्या काही खास सोयी त्यात नसतात. म्हणून क्रॉनसाठीच्या स्क्रिप्टमध्ये आज्ञांचे पूर्ण पत्ते द्यावेत आणि पहिल्या ओळीत कोणते शेल हवे ते स्पष्ट लिहावे. क्रॉनच्या तक्त्यात टक्केचिन्ह हे नव्या ओळीची खूण समजले जाते. दिनांकासाठी ते वापरताना त्यापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी.

विंडोज संगणकावर संपादित केलेली स्क्रिप्टही अशीच अवचित फसते. तेथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह अधिक पडते. ‘डॉस-टू-युनिक्स’ या आज्ञेने ते काढता येते. शब्दसंस्कारकातून किंवा संदेशातून उचललेल्या आज्ञेत सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात, तीही शेलला समजत नाहीत.

दोष शोधण्याची रीत

दोष कोणताही असो, शोधण्याची रीत एकच आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी बांधविलेल्या नहरीचा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. पाणी जमिनीखालून येते, पण मार्गात तपासणीची विवरे आहेत. शेवटच्या हौदात पाणी येत नसेल, तर संपूर्ण नहर खणण्याची गरज नसते. मध्यावरच्या विवरात पाणी आहे की नाही, एवढे पाहिले म्हणजे दोष वरच्या अर्ध्या भागात आहे की खालच्या, हे कळते. प्रारंभ-फाईलीचेही तसेच आहे. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. दाखविलेला दोषसंदेश शब्दशः वाचावा व लिहून घ्यावा. त्यात बहुधा फाईलीचे नाव व ओळीचा क्रमांक असतो.

२. घडविलेली व्यवस्था न वाचता शेल सुरू करावे. त्यासाठी ‘बॅश’पुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘नोआरसी’ लिहावे. झी-शेलसाठी ‘-एफ’ द्यावे. दोष नाहीसा झाला, तर तो आपल्याच फाईलीत आहे.

३. ‘बॅश -एन’ देऊन फाईलीतील व्याकरण तपासावे. यात आज्ञा चालविल्या जात नाहीत.

४. फाईलीची प्रत काढून अर्ध्या ओळींपुढे # हे चिन्ह द्यावे, म्हणजे त्या वाचल्या जाणार नाहीत. दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहून पुन्हा त्याचे अर्धे करावे. ६४ ओळींच्या फाईलीत सहा वेळा असे केल्यास एक ओळ हाती लागते. एखादे फलन किंवा अट मध्येच तोडू नये.

५. ‘सेट -एक्स’ दिल्यास शेल प्रत्येक आज्ञा चालविण्यापूर्वी दाखविते. शेल सुरू होण्यास विलंब लागत असेल, तर कोठे थांबते ते यावरून दिसते. अनावश्यक जोड-आज्ञावली हे विलंबाचे नेहमीचे कारण होय.

६. एका वेळी एकच बदल करावा. नवी खिडकी उघडून पडताळा पाहीपर्यंत जुनी खिडकी बंद करू नये. प्रारंभ-फाईलीत चुकून ‘एक्झिट’ लिहिले गेले, तर नवे शेल उघडताच बंद होते आणि दुरुस्तीचे दार ती जुनी खिडकीच असते.

व्यवस्था व्यक्तीची की कार्यालयाची?

वरील बहुतेक दोष तासाभरात दूर होण्यासारखे आहेत. खरा प्रश्न तंत्राचा नसून नोंदीचा आहे. एखादा हुशार कर्मचारी आपले शेल घडवितो, टोपणनावे देतो, रात्रीची कामे लावतो. पुढे त्याची बदली होते. त्याच्या जागी आलेल्यास त्या टोपणनावांचा अर्थ माहीत नसतो, आणि ज्या सोयीने काम वेगाने होत होते तीच सोय कोडे बनते. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना ८ असो किंवा शाळेची शिष्यवृत्तीची यादी असो, ती एका व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून राहणे सार्वजनिक कामात परवडणारे नाही.

यासाठी फार खर्च लागत नाही. प्रत्येक बदललेल्या ओळीवर # चिन्हापुढे कारण, दिनांक व पदनाम लिहावे. वैयक्तिक आवडीच्या गोष्टी, जसे रंग व आज्ञापूर्व चिन्ह, एका फाईलीत ठेवाव्यात आणि कार्यालयीन कामाच्या दुसऱ्या फाईलीत. कार्यालयाच्या स्क्रिप्ट कोणाच्याही वैयक्तिक टोपणनावांवर अवलंबून नसाव्यात. फाईलींची दिनांकवार प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्या व नोंदवह्यांबरोबर या फाईलींचीही यादी द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आज्ञा शिकविताना ओळीचे कारण लिहिण्याची सवय प्रथमपासून लावावी.

कार्यालयप्रमुखाने किंवा पंचायत सदस्याने शेलच्या आज्ञा पाठ कराव्यात, अशी अपेक्षा नाही. ‘हे काम कोणत्या फाईलीने चालते, तिची प्रत कोठे आहे आणि तुम्ही रजेवर असलात तर ते कोण करील?’ एवढे तीन प्रश्न त्यांनी विचारले, तरी पुष्कळ अडचणींचे निवारण त्या उद्भवण्यापूर्वीच होईल.